धरणातला फ्रीज

आमच्या मामेसासऱ्यांइतका, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांइतका, संशयी माणूस पैनगंगेच्या आमच्या काठाला झाला नाही. पलीकडच्या काठाला झाला असेल असंही मला वाटत नाही, पण ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. मामांच्या सहवासात राहून न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवण्याची सवय मलाही जडली आहे. मामा आयुष्यभर कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळचा मूठभर कापूस उपसून गालाला लावायचा आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांत बघत "पानी मारलं हाय" म्हणायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, हात मात्र थांबला नाही. किराणा दुकानात गेले की तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात, पाहुण्यांकडे गेले की गादीखाली हात. आमच्या लग्नात त्यांनी माझा दंड दोनदा दाबून पाहिला आणि माझ्या सासूबाईंना बाजूला घेऊन, मला नीट ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, "वरून बरा वाटते. आतलं काई सांगता येत नाई."

आपली वस्तू कोणीतरी बदलून नेणार, हा मामांचा मुख्य संशय. चोरी त्यांना परवडली असती. चोरी निदान कळते तरी. बदललेली वस्तू घरात राहते आणि आपल्याला फसवत राहते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी मामींच्या लाल नेलपॉलिशनं खूण केली आहे. गॅसच्या सिलिंडरवर, सायकलच्या टायरवर, चपलांच्या तळाला. मामी बिचाऱ्या नखांना कधी नेलपॉलिश लावत नाहीत, पण बाटली दर सणाला नवी येते. एकदा बाजारात मामांनी टरबूज पसंत केलं आणि तराजूत जाण्याआधी त्यावर सही ठोकली. टरबूजवाला म्हणाला, "काका, इथंच तर हाय मी, तुमच्या डोयासमोर." मामा म्हणाले, "म्हनूनच तर."

या खुणांचं मूळ हमीदभाईपाशी आहे. हमीदभाई हा फुलसावंगीचा फ्रीज-कूलरचा मेकॅनिक, मामांच्याच वयाचा, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. फार वर्षांपूर्वी मामांचा कूलर खडखडाट करायला लागला तेव्हा त्यानं तो दुकानात नेऊन दुरुस्त करून आणला. कूलर अगदी शांत, गोड आवाजात चालायला लागला आणि तिथेच घोटाळा झाला. मामा रात्रभर त्याच्यासमोर बसले आणि सकाळी त्यांनी निकाल दिला, "एवढा चांगला चालते म्हंजे हा आपला नाई. हमीदनं मोटर बदलली." चांगली मोटर देऊन खराब मोटर कोण कशाला नेईल, असं मी विचारलं. "तेच तर शोधून राह्यलो," मामा म्हणाले. तेव्हापासून हमीदभाई मामांच्या घरी काम करतो तेव्हा मामा समोर स्टूल टाकून बसतात आणि त्याच्या हातांवरची नजर हलू देत नाहीत. गंमत म्हणजे दुसऱ्या कोणा मेकॅनिकला ते कधी बोलावतही नाहीत. हमीदभाईही कधी रागावत नाही. "दादा, तुमी शक करा, मी पाना मारतो. दोघाईले काम हाय," असं म्हणून तो बिडी पेटवतो.

अशा माणसानं बोट घ्यावी याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं, मला वाटलं नाही. गावातल्या घराची एक भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून आहे, आणि शेजारी तिला कान लावून बसतो असा मामांना दाट संशय. धरणावर फिरायला वापरलेली एक जुनी केबिनची बोट लिलावात निघाली तेव्हा मामांनी ती घेतली. "चारी अंगानं पानी. कोन येते तं दुरूनच दिसते," एवढंच कारण त्यांनी दिलं. बोट काठाला बांधली तर काठावरून कोणी चढेल, म्हणून ती काठापासून बरीच आत नांगरून ठेवली; ये-जा भोयांच्या डोंग्यातून, म्हणजे मासेमारीच्या छोट्या नावेतून. स्वतःला पोहता येत नव्हतं. शिकले का नाहीत म्हणून विचारलं तर म्हणाले, "पान्यावर अंग टाकून द्या म्हनतात. काय म्हनून टाकू? वयखीचं हाय का ते?" केबिनमध्ये दोन बाकडी, एक ओटा, छपरावरच्या सोलरवर चालणारे दोन दिवे आणि मामींपेक्षा उंच असा एक जुनाट फ्रीज. हल्ली लग्नाआधी जोडप्यांनी पाण्यात, झाडाखाली, ट्रॅक्टरवर फोटो काढून घ्यायची रीत आमच्याकडेही आली आहे. अशी जोडपी मामांची बोट भाड्यानं मागत आणि मामा त्यांना बोटीवर पाय ठेवू देण्याआधी छापील लग्नपत्रिका मागत. पत्रिका मिळाली तरी ती खरी आहे का हे ताडायला तिच्यावरचा पत्ता वाचून "मुलीचा बाप कोन्या बाजूले राह्यते?" हे विचारून घेत.

उन्हाळाभर मामा बोटीवरच मुक्काम करीत, कारण बोट एकटी सोडायची कशी? आणि मामी त्यांच्याबरोबर राहत, कारण मामांना एकटं सोडायचं कसं? मामींना साखरेचा आजार. रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते आणि ते औषध थंडच ठेवावं लागतं. तेवढ्यासाठी तो फ्रीज हवा होता. पण यंदा वैशाखात, ऊन पाण्यावरूनही भाजून काढत होतं तेव्हा, फ्रीज एका दुपारी थरथरला आणि कायमचा गप्प झाला. मामींनी औषध मातीच्या माठात ठेवून त्याला ओलं फडकं गुंडाळलं. मामांनी आधी फ्रीजकडे पाहिलं, मग मामींकडे. "तूनं तं नाही बंद केला? तुले घरी जायाचं हाय, मले समजते."

मामी सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "रविवारपर्यंत नवा फ्रीज आला तं ठीक. नाही तं मी गावातल्या घरी चालली. तुमी राहा तुमच्या नावेवर." हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मामांनी त्यावर संशय घेतला नाही. लगेच मला फोन केला.

पुसदच्या दुकानात आम्ही फ्रीज बघायला गेलो. मामांनी प्रत्येक फ्रीजमध्ये कोपरापर्यंत हात घातला. मग त्यांना दाराआडच्या दिव्याचा संशय आला. दार लावल्यावर दिवा खरंच विझतो का? दुकानदार म्हणाला, विझतो. "तुमी पाह्यलं काय?" मामांनी विचारलं. कप्पे काढा, मी आत बसून पाहतो, अशी त्यांची मागणी दुकानदारानं नम्रपणे नाकारली, तेव्हा त्यांनी माझा मोबाईल व्हिडिओ चालू करून आत ठेवला आणि दार लावलं. बाहेर काढून पाहिलं तर पडद्यावर अंधार. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मामा म्हणाले, "तुमचा मोबाईल बंद पडला असंन, जवाई." शेवटी एक फ्रीज पसंत पडला, मामांनी त्याच्या पाठीमागे कॉम्प्रेसरवर नेलपॉलिशनं खूण केली आणि धरणाच्या काठावर येईपर्यंत टेम्पोत त्या खोक्याला पाठ लावून बसले.

खरी अडचण काठावर समजली. मागे एकदा बोटीवरची बॅटरी हरवली, म्हणजे मामांच्याच पिशवीत सापडली, पण सापडण्याआधी त्यांनी हमीदभाईकडून केबिनच्या दाराला आतून लोखंडी चौकट मारून घेतली होती. चोर आत शिरलाच तर फ्रीज बाहेर नेता येऊ नये, हा बेत. बेत इतका पक्का होता की आता जुना फ्रीज बाहेर येईना आणि नवा आत जाईना. हमीदभाईनं बोटीवर जाऊन दाराला टेप लावून पाहिली आणि म्हणाला, "दादा, चोराचा बंदोबस्त झाला, तसा मालकाचाबी झाला." चौकट कापायची ठरली. पण मामांपुढे पेच पडला. हमीदभाई बोटीवर चौकट कापणार, त्याच वेळी भोयांचे दोन डोंगे एकमेकांना बांधून त्यांवरून फ्रीज येणार. नजर कुठे ठेवायची? अखेर त्यांनी मला बोटीवर हमीदभाईसमोर स्टूलवर बसवलं, "डोया लवू देऊ नोका" असं बजावलं आणि स्वतः डोंग्यावर फ्रीजसोबत बसले. नुसते बसले नाहीत. फ्रीजच्या खोक्याला दोर गुंडाळून त्याचं दुसरं टोक त्यांनी कमरेला बांधलं. भोई म्हणाले, "काका, फ्रीज आडवा टाका, जड वस्तू उभी नसते नेत." मामांना त्यात काळंबेरं दिसलं, दुकानदारानं उभाच न्या म्हटलं होतं, हे आडवा का म्हणून राहिले? फ्रीज उभाच राहिला. काठावर मामी माठ मांडीशी घेऊन बसल्या होत्या.

निम्मं अंतर छान पार पडलं. मग मामांना शंका आली की खोक्याला खालून ओल लागते आहे. त्यांनी वाकून खोक्याखाली हात घातला, कोपरापर्यंत. आयुष्यभर कापसाच्या गाड्यांत घातला तसा. पण गाडी जमिनीवर असते. डोंगा कलला, फ्रीज कलला आणि फ्रीजसोबत दोरीला बांधलेले मामा धपकन पाण्यात गेले.

मी ओरडलो. काठावर मामी उठल्या आणि लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरल्या. माझ्याआधी हमीदभाई हलला. ग्राइंडर बंद करून, बिडी कानावर तशीच ठेवून त्यानं बोटीवरून उडी टाकली. त्या वयात, त्या पोटासकट. मला वाटलं फ्रीज मामांना घेऊन तळाला जातो. पण दार लावलेला, थर्मोकोलात गुंडाळलेला तो रिकामा फ्रीज बुचासारखा वर आला आणि त्याच्या कडेला चिकटून, डोळे वटारून मामाही वर आले. हमीदभाई त्यांच्यापाशी पोचला. "दादा, फ्रीज सोडा, माह्या गळ्यात हात टाका!" मामांनी त्याच्याकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं, धाप लागलेली असतानाही विचार केला आणि म्हणाले, "नाई. हा तरंगते. तुयं काय ते माईत नाई." मग भोयांनी दोर ओढला, हमीदभाईनं मागून ढकललं आणि फ्रीज, मामा व हमीदभाई असे तिघं काठाला लागले.

भोयांनी मला बोटीवरून काठावर आणलं तेव्हा मामांना कुठे धड श्वास घेता येत होता. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मले ढकललं कोनं?"

मामींनी पदरानं मामांचं डोकं पुसलं, जरा जोरातच पुसलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग म्हणाल्या, "मले नावेवर फ्रीज नोको. कधी नव्हताच पायजे. तुमी इथं म्हनून मी इथं. आज तुमी गेले असते तं त्या सुईचं मी काय केलं असतं?" त्यांनी माठ उचलून काखेत घेतला आणि चढण चढून गावाच्या वाटेला लागल्या. मागे वळून पाहिलं नाही.

मामा ओल्या अंगानं उभे राहिले. एकदा पाण्यातल्या बोटीकडे पाहिलं, एकदा वाटेवरच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, पण कोणत्या गोष्टीवर नजर ठेवावी हे त्यांना कळेनासं झालेलं मी त्याच दिवशी पाहिलं, आणि मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. कमरेच्या दोराची गाठ भिजून आवळली होती, ती हमीदभाईनं कापली. मामांनी करदोड्याला अडकवलेली केबिनची किल्ली सोडवली आणि हमीदभाईच्या हातात ठेवली. "खून केली हाय तिच्यावर. बदलू नोको," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, मी काहीच विचारलं नव्हतं तरी, त्यांनी खुलासा केला, "घर रिकामं पडून हाय ना, जवाई. शेजाऱ्याची नियत मले ठीक दिसत नाई." आणि अनवाणीच, चपला पाण्यात गेल्या होत्या, मामींच्या मागे भराभर चालू लागले.

हमीदभाईनं तो फ्रीज आपल्या अंगणात सावलीला उघडा ठेवून वाळवला आणि चालू करून दिला. आता तो मामांच्या गावातल्या स्वयंपाकघरात आहे. बोट हमीदभाई सांभाळतो आणि जोडप्यांना पत्रिका न मागता वर घेतो, ही गोष्ट आम्ही मामांपासून लपवली आहे. मामा रोज संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर बसून त्याला फोन करतात. परवा मी तिथेच होतो. "हमीद, नाव हाय का?" "हाय दादा. व्हिडिओ लावू का?" "नोको. व्हिडिओ कालचा असंन. ऐकव." हमीदभाईनं फोन पाण्याजवळ नेला असावा. बोटीच्या कडेला थडथड आपटणारं पाणी मलाही अस्पष्ट ऐकू आलं. मामा फोन कानाशी घट्ट धरून, मान खाली घालून ऐकत होते. पूर्वी वाटलं असतं की ते पारखताहेत. मामी चहा घेऊन बाहेर आल्या, कप खाली ठेवून त्यांच्या शेजारी खाटेवर टेकल्या. मामांनी फोन आपल्या कानावरून काढला आणि हळूच त्यांच्या कानाला लावला. मामी ऐकत राहिल्या, मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि चहा तसाच निवून गेला.