बॅटरीवाले काका आणि वगळलेल्या तीन नोंदी

काकांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. आमच्या वाशीम जिल्ह्यात असं सांगितलं तर लोक आधी हसतात आणि मग "खरंच?" असं विचारतात. इथं सोयरीक जुळली तरी तंबाखू-सुपारीचा खर्रा निघतो, मयतीला निघतो, बस चुकली तरी निघतो. कोणी पुडी पुढं केली की काका हात जोडत. "तुमी खा भाऊ. मले चहा पाजा, पाह्यजे तं दोन कप पाजा."

ते आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मी तिथं प्राध्यापक. तोंडाचा कर्करोग लवकर ओळखता यावा म्हणून मी एक स्वस्त यंत्र बनवत होतो. हातात मावेल एवढं, दिसायला बॅटरीसारखं. त्याचा निळा प्रकाश गालाच्या आतून पाडला की निरोगी अस्तर हिरवट चमकतं, बिघडलेली जागा काळपट दिसते. चमक किती, याचा आकडा यंत्रावर उमटतो. शिबिरांत लोक त्याला बॅटरीच म्हणू लागले आणि काका झाले बॅटरीवाले काका.

कामरगावच्या पहिल्या शिबिरात कोणी तोंड उघडायला तयार नव्हतं. "करंट तं नाई लागत ना बे याच्यानं?" असं एकानं विचारलं. काका सरळ खुर्चीत बसले. "पहिले मी. मेलो तं तुमी घरी जा." लोक हसले आणि रांग लागली. एक बाई पदर तोंडावरून काढेना, तर तिला म्हणाले, "माय, दात नाई पाहत आमी. माह्ये तरी कुठं धड हायेत?" खरंच, त्यांची डावीकडची एक दाढ तुटलेली होती.

पुढं त्यांचं हे पहिलं बसणं आमची रीतच झाली. रोज सकाळी यंत्र सुरू केलं की ते एखाद्या निरोगी तोंडावर ताडून घ्यावं लागे. काका समोरच असत. डावा गाल, उजवा गाल, वहीत दोन आकडे. दीड वर्ष असं चाललं. "सर, माहं तोंड म्हंजे सरकारी वजनमाप," असं ते म्हणत आणि त्यात त्यांना खरा अभिमान होता. दीड वर्षात रोज त्यांच्या तोंडात पाहिलं, पण यंत्र बरोबर आहे की नाही यासाठीच पाहिलं. काका बरे आहेत की नाही, यासाठी एकदाही नाही.

मग दिल्लीची एक योजना निघाली. कर्करोगावरच्या नव्या तंत्रज्ञानाला अनुदान. यंत्र स्थिर आहे, म्हणजे त्याच निरोगी तोंडावर रोज तोच निकाल देतं, हे सिद्ध करायचं होतं. माझ्याजवळ काकांच्या वह्या होत्या. माझं वय पन्नाशीकडं झुकलेलं, नावावर सांगण्यासारखं एकही संशोधन नाही. हे मिळालं नाही तर पुढं काही मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं.

प्रस्ताव पाठवायला अकरा दिवस उरले होते. त्या सकाळी काकांच्या डाव्या गालाचा आकडा घसरला. मी काच पुसली, सेल बदलले. दुसऱ्या दिवशी तो आणखी घसरला, तिसऱ्या दिवशीही तेच. "सर, काहून परेशान होता? माही दाढ टोचून राह्यली तिकून, म्हणून अशीन," काका म्हणाले. मी म्हणालो, "नाही काका, यंत्रातच काहीतरी बिघडलंय."

आता जे लिहितो आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. काका चहा आणायला गेले तेव्हा मी दार लोटलं आणि यंत्र माझ्याच गालात धरलं. दोन्हीकडं स्वच्छ हिरवं. यंत्र ठीक होतं. मला ते कळलं होतं. पण काकांना दवाखान्यात पाठवलं तर केनवडला ठरलेलं शिबिर बुडेल आणि दीड वर्षाचं माझं 'निरोगी तोंड' कागदावर निरोगी राहणार नाही, हेही त्याच क्षणी कळलं. प्रस्ताव जाऊ दे, मग दाखवू, असं मनाशी ठरवलं. त्या तीन नोंदी वगळल्या आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'उपकरणातील तात्पुरता दोष'. उरलेल्या दिवसांत काकांच्या जागी मीच बसलो.

प्रस्ताव गेला. मग परीक्षा आल्या. दाढेचं मी विसरलो, असं म्हणायची सोय आहे, पण विसरलो नव्हतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. चार महिन्यांनी काकांच्या मानेला गाठ आली, तेव्हा मंजुरीचं पत्र माझ्या टेबलावर होतं.

नागपूरला त्यांचा अर्धा जबडा काढला. मी भेटायला गेलो आणि हिंमत करून तीन नोंदींचं सांगितलं. स्वतःचा गाल तपासला होता, एवढं मात्र जिभेवर आलं नाही. काकांना नीट बोलता येत नव्हतं. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "म्हंजे... आपली मशीन... खोटी नोती?"

"नव्हती, काका."

त्यांचे डोळे चमकले. "मंग लिवा ना तसं. लोकाईच्या कामी येईन."

मी हो म्हणालो आणि लिहिलं नाही. काका मंगरूळपीरला घरीच वारले. त्यानंतर अनुदानातून नवी खोली झाली, दोन संशोधक आले, पाहुण्यांना मी यंत्र दाखवत राहिलो. त्या यंत्रानं ओळखलेला पहिला कर्करोग कोणाचा, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात मात्र मी अनुदान देणाऱ्या समितीला पत्र लिहिलं. सगळं, स्वतःच्या गालासकट. काकांच्या नोंदी नावानिशी जोडायला घरच्यांची संमती हवी होती, म्हणून काकूंकडं गेलो. पत्र वाचून दाखवलं. काकू सोयाबीन निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"हे पाठवलं तं तुमचं नुकसान होईन काय?"

"होऊ शकतं. अनुदान बंदही होईल."

"मंग एवढे दिवस त्याच्याच पायी थांबले होते तुमी?"

मी हो म्हणालो.

काकूंनी पदराला हात पुसले, पेन मागितला आणि दाखवल्या जागी सावकाश सही केली. मग सुपडं उचललं आणि चहाचं न विचारता आत निघून गेल्या.