सिनेमातला बाप

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतोय? खरं तर मलाही नीट ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

आमच्या हळ्ळीखेडात मला अजून 'सिनेमावाले मास्तर' म्हणतात. नातीला बघायला पाहुणे आले, तरी चहाच्या आधी ही गोष्ट निघते — आजोबा सिनेमात होते बरं का. मी हसतो, मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

मी शाळामास्तर. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकवलं, राज्य गेलं तसे मराठीचे वर्ग घ्यायला लागलो. पण पोटातली भूक वेगळीच होती. जत्रेत दरवर्षी गावचं नाटक व्हायचं आणि त्यात राजा मी असायचो. आवाज असा, की पार मागं गाड्यांवर बसलेल्यांनाही ऐकू जावा. पुढं पन्नाशी आली. कानशिलं पांढरी झाली. नवी पोरं राजे व्हायला लागली आणि माझ्या वाट्याला ऋषी नाहीतर सासरा आला. तुम्हाला हसू येईल — पण मला ते फार लागलं. रात्र रात्र लागलं. आता आपलं संपलं, असं वाटायचं. नेमकं काय संपलं, ते मात्र सांगता यायचं नाही.

अशात बीदरजवळच्या मैलूरहून मेव्हण्याचा निरोप आला. मुंबईची एक सिनेमा कंपनी बीदरच्या किल्ल्यात आली होती, आणि त्यांना गर्दीत उभी करायला माणसं हवी होती. मी शाळेत ताप आल्याचं सांगितलं आणि मोटार धरली.

किल्ल्यात शे-दीडशे माणसं उन्हात उभी होती. डायरेक्टर एकेकाचं तोंड बघत चालला होता. माझ्यापुढं थांबला. मला बाजूला काढलं. गडाच्या दारावरचा एक म्हातारा पहारेकरी, एवढंच काम होतं. लढाईवरून एक शिपाई येतो आणि त्याला सांगतो, की तुझा मुलगा पडला. म्हाताऱ्यानं ते ऐकायचं. बोलायचं काहीच नाही. 

करून दाखवा, म्हणाला. मी दाखवलं. छाती पिटली, आभाळाकडं हात पसरले, गुडघ्यांवर कोसळलो. सावलीत बसलेले दोघं-तिघं हसले. डायरेक्टर नाही हसला. त्यानं मला उठवलं, अंगरख्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "मास्टरजी, ये नाटक हो गया. कॅमेरा आपके इतना पास रहेगा. सच्चा बाप चाहिए." सीन पुढच्या आठवड्यात होता. तोवर विचार करून या, नाहीतर आमच्यातला कोणी उभा करू — असं सांगून तो पुढं गेला.

सच्चा बाप. मी दोन मुलींचा आणि एका मुलाचा बाप होतो. सगळे धडधाकट. कोणी गेलं असतं तर मी काय केलं असतं? घरी आरशापुढं उभा राहून मी डोळे मोठे केले, ओठ थरथरवले. गोदावरी — माझी बायको — दारातनं बघत होती.

"काय करायलाव हे? दात दुखायलाय का?" म्हणाली.

तेव्हा मला चांदसाब आठवले.

इथं थोडं थांबतो. कारण इथनंच ते सुरू होतं.

चांदसाब मणियार. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं बांगड्यांचं दुकान. बायको लवकर गेली, मुलगी गुलबर्ग्याला दिलेली. मुलगा एकच — गनी. गनी माझ्या हाताखाली शिकला. उंच, लाजरा पोरगा. शिक्षा होण्याच्या आधीच हात पुढं करायचा. पोलीस अ‍ॅक्शन झाली, हिंदुस्थानची फौज आली, आणि त्यानंतरचे मुसलमानांवर आलेले ते दिवस — आमच्याकडच्या जुन्या माणसांना विचारा, ते विषय बदलतील. गनी हुमनाबादला माल आणायला गेला होता, तो परत आला नाही. रस्त्याकडेच्या शेतात पडलाय, असं एक गाडीवान सांगत आला. कोणी मारलं ते कोणी बोललं नाही. कोणी विचारलंही नाही. आमच्या आळीची सगळी दारं त्या दिवसांत आतून लावलेली होती. माझंही.

त्याला पाच-एक वर्षं झाली होती. या वर्षांत गोदावरी त्यांच्याकडून बांगड्या भरून यायची, जाता-येता मी हात वर करायचो, तेही करायचे. एकदाही मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. माझ्या विद्यार्थ्याचा बाप! आणि आता चढलो.

बांगड्यांचं निमित्त केलं. मग बसलो. मग हळूच म्हणालो, गनीची फार आठवण येते हो.

चांदसाब बांगड्या दोरीत ओवत होते. हात थांबले. बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम पूछे, मास्टर. इत्ते साल हो गए, कोई नै पूछा." आतून चहा करून आणला. त्यांचे हात कापत होते, बशीत सांडला. तोही मी टिपून घेतला — चहा नव्हे, हात.

मी रोज जायला लागलो. शाळा सुटली की थेट दुकानात. ते बोलायचे. गनी लहानपणी कसा झोपेत चालायचा, त्याला वांगं कसं आवडायचं नाही, निकाहाची बोलणी कशी चालली होती. मी ऐकायचो. माझे डोळे भरून यायचे — हे खरं आहे, यात नाटक नव्हतं. निदान मला तसं वाटतं. पण वांग्याचं मला काय करायचं होतं? मला ती वेळ हवी होती. गाडीवान दारात उभा राहिला, ती. मी त्यांना हळूहळू तिकडं वळवत होतो. अडाणी पोराला उत्तराकडं वळवावं, तसं.

गोदावरीला नवल वाटलं. "रोज तिकडं कामून जायलाव?" तिनं विचारलं. एकटा माणूस आहे, जावं — मी म्हणालो. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं त्यांच्यासाठी डब्यात पुरणपोळी बांधून दिली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला माझा अभिमान वाटलेला मी बघितला. तोही मी घेतला.

शेवटी एका दुपारी चांदसाब त्या वेळेपर्यंत आले. नमाजाला निघाले होते म्हणे. पायात जोडा घालत होते. गाडीवान आला आणि त्यानं सांगितलं.

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या, मास्टर. बैठ गया."

एवढंच. एवढ्यानं माझं कसं भागणार? मी विचारलं — बसलात म्हणजे कसे? टेकून? हात कुठं होते? नजर कुठं होती, गाडीवानाकडं का खाली?

असले प्रश्न कोणी विचारतं का? मी विचारले. मऊ आवाजात, खांद्यावर हात ठेवून. आणि चांदसाबांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं असेल, या माणसाला सगळं, सगळं जाणून घ्यायचंय, इतकं याला आपलं दुःख आहे. ते उठले. कोपऱ्यातला जोडा आणला. उंबऱ्यावर बसले आणि मला दाखवलं.

ते रडले नव्हते. त्यांनी एका पायातला जोडा काढला. मग पुन्हा घातला. मग पुन्हा काढला. तिकडं धावायचं, मशिदीत जायचं, का आत जायचं — ते ठरत नव्हतं, आणि तो पाय आपला आपण आत-बाहेर करत होता. तोंडावर काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. माणूस हिशेब विसरल्यावर दिसतो, तेवढाच गोंधळ.

आणि मी म्हणालो — हेच ते, जे मी कोणाला सांगितलेलं नाही — मी म्हणालो, "चांदसाब, फिरसे एक बार दिखाव."

त्यांनी दाखवलं. एका बापाला मी ते पुन्हा करायला लावलं, आणि त्यानं ते माझ्यावरच्या मायेनं केलं. त्या वेळी धोतराच्या आत माझा उजवा पाय हलत होता. शिकत होता.

किल्ल्यातलं काम एका झटक्यात झालं. शिपायानं सांगितलं, मी दगडावर बसलो, जोडा काढला, घातला, काढला. डायरेक्टर जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ये कहाँ से लाए आप?" मी म्हणालो, असंच सुचलं. मन से. इतकं सहज बोलून गेलो, की क्षणभर माझाही विश्वास बसला. त्या दिवशी माझ्यासारखा सुखी माणूस बीदरात नसेल. मैलूरच्या रस्त्यानं चालत येताना मी मोठ्यानं गात होतो.

त्यानंतर मी चांदसाबांच्या दुकानात गेलो नाही.

भांडण नाही, कारण नाही. काम झालं होतं. शाळा सुटली की मागच्या बोळातून घरी यायचो. एक दिवस तेच घरी आले. मी आत खाटेवर पेपर वाचत होतो. गोदावरीला खुणेनं सांगितलं — नाही म्हण. तिनं सांगितलं. बाहेरून त्यांचा आवाज आला, "तबियत तो ठीक है ना मास्टर की? उनो आते थे तो..." पुढचं वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी परत आणलेला रिकामा डबा हातात घेऊन गोदावरी आत आली. तो माझ्यापुढं ठेवून चुलीकडं गेली. चार शब्द बोलली असती, तर मला चाललं असतं.

वर्षभरानं सिनेमा हुमनाबादच्या तंबूत लागला. गावातनं तीन गाड्या जुंपल्या. मी पुढच्या गाडीत, गळ्यात उपरणं. तंबूच्या दारात बघतो, तर चांदसाब. इस्त्रीची शेरवानी, डोळ्यांत सुरमा. मास्तर सिनेमात आलेत, असं कोणीतरी सांगितलं म्हणून आलेले. आयुष्यात सिनेमा पाहिलेला नाही. माझ्याशेजारची जागा लोकांनी त्यांना करून दिली — मास्तर त्यांच्याकडं जायचे ना, दोस्त आहेत.

माझा प्रसंग आला. शिट्ट्या, टाळ्या, 'मास्तर, मास्तर'. मग एकाएकी तंबू शांत झाला, कारण पडद्यावरचा म्हातारा जोडा काढत होता, घालत होता. बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मी पडदा बघितला नाही. आजतागायत मी तो प्रसंग पाहिलेला नाही. मी शेजारी बघत होतो.

चांदसाब हलले नाहीत. पापणीही नाही. मग पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं — नाच असावा — आणि ते तो शेवटपर्यंत बघत बसले.

बाहेर गाड्या जुंपेपर्यंत आम्ही बाभळीखाली उभे होतो. लोक येऊन माझी पाठ थोपटून जात होते. मी वाट बघत होतो. ओरडतील. थुंकतील. निदान विचारतील. 

ते म्हणाले, "मास्टर, फिलम में उस बुढ्ढे के बेटे का नाम क्या था?"

नाव नव्हतं. इतक्या छोट्या कामाला मुलाचं नाव कोण ठेवणार? शिपाई फक्त 'तेरा बेटा' म्हणतो. मी सांगितलं — नाम नै था, चांदसाब.



"रख लेते," म्हणाले. "हमारा रख लेते, मास्टर. मैं ना थोडी बोलता."

आणि ते आपल्या गाडीकडं गेले.

माफी मागायला तेवढा वेळ पुरेसा होता. चार पावलं टाकली असती, तर गाठता आलं असतं. मी उभा राहिलो. त्यानंतर ज्या साली हैदराबाद राज्य मोडलं, आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं, त्या सुमारास त्यांनी दुकान विकलं आणि मुलीकडं गुलबर्ग्याला गेले. निघाले तेव्हा बाजारातली माणसं पोचवायला गेली होती. मी शाळेत होतो. पुढं कधीतरी ते वारल्याचं कळलं. मुलीचं घर मला माहीत होतं. बस थेट जाते.

एवढंच असतं तर मी त्याला भित्रेपणा म्हटलं असतं. भित्री माणसं खूप असतात. पण मला आणखी एक माहीत आहे, आणि ते मला या वयातही समजत नाही — मी स्वतःकडं पुन्हा पुन्हा वळून बघतो, हा कोण माणूस आहे म्हणून.

बाभळीखाली ते 'रख लेते' म्हणाले, तेव्हा त्यांनी शेरवानीचं वरचं बटण उघडलं होतं. गुदमरल्यासारखं नव्हे — घरी आल्यावर माणूस उघडतो, तसं. आणि मान किंचित डावीकडं गेली होती. माझी छाती फुटायला आली होती, खरंच आली होती. आणि त्याच वेळी मी ते बटण बघत होतो, ती मान बघत होतो, आणि ठेवून घेत होतो.

पुन्हा कोणी मला सिनेमात बोलावलं नाही. पण ते बटण, ती मान — ते मला अजून करता येतं. दार लावून मी ते बरेचदा केलेलं आहे. हुबेहूब होतं.