डब्यावर कुंदा

दार भाऊजींनीच वाजवलं. सकाळची वेळ, माझ्या हातात दुधाची पिशवी. "वहिनी, कुंदा गेली," एवढंच म्हणाले आणि उंबऱ्यातच खाली बसले. झोपेतच गेली हो... पाच आठवडे झाले त्याला. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की बघ कुंदा, शेवटी तुझंच नाव आलं गं त्यांच्या तोंडी.

थांबा, नीट सांगते. कुंदा माझी धाकटी जाऊ. मुलुंडला एकाच इमारतीत आम्ही, मी दुसऱ्या मजल्यावर, ती चौथ्या. पण ती लग्न होऊन आली ती लालबागच्या चाळीत, आणि तिथे एक कुंदा आधीच होती, आमची नणंद. सासूबाई म्हणाल्या, "एका घरात दोन कुंदा नकोत, हाक कोणाला मारली ते कळायचं नाही." मग तांदळाच्या ताटात अंगठीने काय लिहायचं यावर खल सुरू झाला. मी तीन वर्षांची जुनी शहाणी सून! पटकन बोलले, "सुलभा ठेवा, हाक मारायला सोपं." पाटावर बसलेल्या मुलीला कोणी विचारलंच नाही. मलाही माझ्या वेळी कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. नणंद पुढे लग्न होऊन डोंबिवलीला गेली. म्हणजे कुंदा हे नाव घरात मोकळं झालं, पण ते हिला परत द्यावं हे काही कोणाला सुचलं नाही.

पन्नाशी उलटली, मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीला लागला, आणि ही गप्प गप्प राहायला लागली. तसं सगळं होतं हो. तरी गॅलरीत बसून असायची. आम्ही म्हणायचो, वयाचं असतं गं, होईल बरं. एका रविवारी दुपारी फोन वाजला, तो मुलाने उचलला. कोणीतरी बाई विचारत होत्या, कुंदा आहे का? तो म्हणाला, "कुंदाआत्या डोंबिवलीला असते, नंबर देऊ?" ती होती हिची पार्ल्याच्या शाळेतली मैत्रीण! ही मटार सोलत होती, ते टाकून धावली, तोवर फोन ठेवलेला. मुलगा म्हणतो, "तू का धावतेस आई? तुझा नव्हता."

संध्याकाळी माझ्याकडे आली. "वहिनी, माझ्या पोटच्या पोराला माझं नाव माहीत नाही. उद्यापासून मी कुंदा."

"अगं, या वयात? हसतील लोक."

"हसू देत. वहिनी, तुमचं काय होतं हो?"

"जाऊ दे गं, आता काय त्याचं..." म्हणत मी चहा टाकायला उठले.

भाऊजी तर खो खो हसले. मग हिने काय करावं? भाऊजींचं नाव वसंत, तर त्यांना गजानन म्हणायला लागली! "अहो गजानन, चहा झालाय!" ते ओ द्यायचे नाहीत, चहा निवून जायचा. "गजानन, जेवायला या!" मी म्हटलं, अगं, नवऱ्याला असं नावाने हाक मारतात का? तर म्हणते, "ते त्यांचं नावच नाही, मग पाप कसलं?" आठ दिवस चाललं हे. नवव्या दिवशी भाऊजी म्हणाले, "कुंदे, गरम चहा दे बाई."

तेव्हापासून ती कुंदा. मैत्रिणीला शोधून काढलं, बावन्नाव्या वर्षी तिच्याबरोबर पोहायला शिकली. घरातल्या प्रत्येक भांड्यावर वसंत असं नाव कोरलेलं होतं. स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडे जाऊन चार डब्यांवर कुंदा घालून आणलं. सगळी दुःखं संपली असं नाही म्हणणार. गुडघे दुखायचेच, मुलाशी वाजायचंच. पण हाक मारली की पहिल्या हाकेला वळायची. पूर्वी दोनदा मारावी लागे, आणि मला वाटायचं हिला कमी ऐकू येतं...

ती गेली त्या दिवशी खाली फळ्यावर सेक्रेटरींनी लिहिलं होतं, सौ. सुलभा. मी ओल्या पदराने पुसलं. ते म्हणाले, "आजी, सोसायटीच्या रजिस्टरात सुलभाच आहे." मी म्हटलं, "रजिस्टर गेलंय का? गेली ती कुंदा आहे." आणि खडू घेऊन मीच लिहिलं, मोठ्या अक्षरांत. ते ताटातलं नाव मीच सुचवलं होतं ना? मग पुसायचंही मीच.

आदल्या दिवशी तिने नारळाच्या वड्या पाठवल्या होत्या, तो डबा माझ्याकडेच राहिला. आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. म्हणून मी भरून वर नेते, भाऊजी खातात, घासून ठेवतात, मी परत आणते. कधी घावणे, कधी उसळ. हे काही मी थांबवणार नाही.

परवा मात्र मी माझा डबा घेऊन त्या भांडीवाल्याकडे गेले. त्याने मशीन सुरू केलं. "काय घालू आजी? आजोबांचं नाव?"

"नाही. द्वारका घाल."

"द्वारका कोण?"

म्हटलं, "मी."