सासूबाईंची माकियाटो

सुनेचं कोपऱ्यावर कॉफीचं छोटं दुकान होतं. ओल्या फरशीवरून घसरून तिचा हात मोडला आणि दुकानाला टाळं लागायची वेळ आली. सासूबाईंची हयात शिवणयंत्रावर गेलेली, कॉफी त्यांनी कधी तोंडात घेतली नव्हती. पण म्हणाल्या, "तू बसून सांग, मी उभी राहून करते."

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून सून स्टुलावर बसली. "बुडाशी सगळ्यांत एकच, आई. एस्प्रेसो, म्हणजे घोटभर कडक काळी कॉफी. पुढचा खेळ दुधाचा. लाटे म्हणजे दूध भरपूर, वर फेसाचा पातळ थर. कॅपुचिनोत दूध कमी, फेस जाड. फ्लॅट व्हाइटमध्ये दूध बेताचं आणि फेस नावाला, म्हणून कॉफी जिभेला जास्त लागते. आणि दूध उकळू द्यायचं नाही."

"न उकळलेलं दूध मी आजवर कुणाला दिलेलं नाही."

"उकळलं की गोडी जाते. भांडं हाताला सोसेना की मशीनची वाफ बंद."

पहिल्या दिवशी फेस कपात कमी आणि सासूबाईंच्या पदरावर जास्त पडला. समोरच्या दवाखान्यातल्या दंतवैद्याने कॅपुचिनो मागितली, त्याला लाटे मिळाली. तो गुपचूप प्यायला. सुनेला हसू आवरेना, आणि तिला हसताना बघून सासूबाईही पोट धरून हसल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघी अशा एकत्र कधी हसल्या नव्हत्या.

पुस्तकं बांधणारे एक गृहस्थ आले. त्यांना हवी होती माकियाटो. म्हणजे एस्प्रेसोवर चमचाभर फेस, बस्स. सासूबाईंनी तो बोटभर कप पाहिला आणि त्यांच्या जिवाला लागलं. एवढ्याशावर माणसाची बोळवण कशी करायची? त्यांनी मोठा कप घेऊन दुधाने काठोकाठ भरला.

"ही माकियाटो नाही, आई," सून कुजबुजली.

गृहस्थांनी मात्र कप रिकामा केला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "कालचीच द्या. सासूबाईंची."

प्लास्टर निघालं. सुनेने मशीनचा ताबा घेतला, तरी सासूबाई काउंटरमागून हलेनात. आता सून कॉफी काढते आणि दूध त्या बघतात. दंतवैद्याला हल्ली कॅपुचिनोच मिळते, चांगली जाड फेसाची.

सकाळी दोघी गप्पा मारत बाहेर पडतात. सासूबाईंचा मुलगा घरी एकटाच उरतो, आणि या वयात का होईना, स्वतःचा चहा स्वतः करायला शिकलाय. परवा त्याचं दूध उतू गेलं.