गोकुळाबाईचं नाक

माझा जावई प्रफुल पुण्यात राहतो आणि दर रविवारी गच्चीवर कोंबडी भाजतो. त्यासाठी त्याने चाकांची शेगडी घेतली, लांब चिमटे घेतले, पोटावर बांधायला एक कापडही घेतलं. कोंबडी मात्र दरवेळी बाहेरून काळी आणि चवीला कडू. मग मला फोन येतो, चांगला मसाला कुठे मिळतो म्हणून. मी दरवेळी एकच सांगतो: आमच्या सावली गावच्या आठवडी बाजारात, गोकुळाबाईकडे. त्याला वाटतं सासरा थट्टा करतो. पुण्याहून सावलीला मसाला घ्यायला कोण येतं? अहो, ज्याला जीभ आहे तो येतो.

गोकुळाबाई चिंचेच्या झाडाखाली बसते. समोर मिरची, धने, हळकुंडं, दगडफूल, तेजपान यांची पोती, आणि घरी भाजून कुटलेल्या मसाल्याचे दोन डबे. पलीकडच्या ओळीत तिचा नवरा केवळराम वैनगंगेची मासोळी विकतो. तिच्याकडे नुसतं अर्धा किलो मसाला मागून चालत नाही. घरी काय रांधणार ते आधी सांगावं लागतं. रस्सा असेल तर बारीक कुटलेला. निखाऱ्यावर भाजायचं असेल तर जाडसर, मिरची बेताची. बारीक पूड आगीवर आधी जळते आणि मग कोंबडीचा सत्यानाश करते. वर सूचना मिळते ती वेगळीच. "थोडा थोडा लावा भाऊ. कोंबडीले उटणं नाई लावाचं आहे." चौकशा कशाला हव्यात, असं एका साहेबांनी ऐकवलं, तर तिने त्यांना सरळ खुशालच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

खुशालचं किराणा दुकान बाजाराच्या तोंडाशीच. पण त्याच्याकडे नवा माल आला की तोसुद्धा मूठभर कागदात बांधून गोकुळाबाईकडे येई. ती नाकाशी धरी आणि सांगे, हा नवा, हा जुना, हा रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवलेला. तिच्या नाकाखालून गेलेला माल म्हणजे सरकारी शिक्क्याच्या वर. आणि हे नाक मिरवताना ती नवऱ्याला चिमटा काढल्याशिवाय राहत नसे. "यायले मासोळीशिवाय कायचाच वास येत नाई." केवळराम खवले काढता काढता हसे. बिचारा दुसरं करणार काय.

गेल्या हिवाळ्यात गोकुळाबाईला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. हे तिला कळलं ते कढईपुढे. धने भाजत होती, धने काळे पडले, धूर झाला, आणि ही आपली शेजारणीशी गप्पा मारत झारा फिरवतेय. अंगणातून केवळराम धावत आला तेव्हा कुठे तिने खाली पाहिलं. त्या दिवशी ती जेवली नाही. कुणाला सांगायचं नाही, अशी नवऱ्याला शपथ घातली. तिचं भय खरं होतं. नाक गेलेल्या बाईचा मसाला कोण घेणार? उन्हाळा तोंडावर होता. आमच्याकडे घरोघरी वर्षाचं तिखट उन्हाळ्यातच भरतात, आणि त्या दोन महिन्यांच्या विक्रीवर तिचं वर्ष निघतं.

तिखटासाठी मिरची आणायला ती दरवर्षी सिरोंच्याला जाते. गोदावरीपलीकडचे व्यापारी तिथे माल आणतात आणि तिला ओळखतात. ती आधी वास घेणार, मग भाव बोलणार, हे त्यांना ठाऊक. या वेळी गेली आणि वास घेतला नाही, तर तिथेच बिंग फुटणार. म्हणून तिने केवळरामला एकट्याला पाठवलं.

पुढचं मला, सगळं उघड झाल्यावर, खुद्द केवळरामनेच सांगितलं, तेही हसत हसत. त्या माणसाने जन्मभर मासोळी पारखली. मासोळी कशी घ्यावी? चमकदार, ओलसर, हाताला भरीव. त्याने मिरचीही तशीच घेतली. नेमकी दमट पोती निवडली, लालभडक, बोटाला मऊ लागणारी, आणि व्यापाऱ्याने एवढ्या आनंदाने माल एसटीत चढवून का दिला याचा वाटेत विचारही केला नाही. घरी गोकुळाबाईने पोत्यात हात घातला. मिरची वाकवली, मोडेना. कानाशी हलवली, आतलं बी वाजेना. असा माल चार दिवसांत बुरसतो.

"मिरची आणाले गेले होते का मरळ मासोळी?" ती म्हणाली. मग दोघंही हसत सुटले. आजारानंतर ती पहिल्यांदाच हसली, असं केवळराम म्हणतो.

हसता हसताच तिच्या लक्षात आलं, की माल वाईट आहे हे आपल्याला कळलं ते नाकाशिवाय. हात शाबूत होता, कान शाबूत होता. राहता राहिलं भाजणं. तिथे वासाला पर्याय नाही. मिरची अंगणात पसरून कडक वाळवली आणि केवळरामला कढईजवळ बसवलं. कच्चा वास कुठला, खमंग कुठला आणि आता उतरवा म्हणणारा कुठला, हे ती त्याला शिकवू लागली. धन्यांचे दोन-चार घाणे त्याने वाया घालवले. शिव्याही खाल्ल्या. पण शिकला.

चैत्रातला बाजार. मी प्रफुलच्या कोंबडीसाठी जाडसर मसाला घ्यायला उभा होतो. माझ्यापुढे मनकर्णाबाई. या म्हातारीने आयुष्यात कुणाच्या हातच्या भाजीला बरं म्हटलेलं नाही, सुनेच्या तर नाहीच नाही. तेवढ्यात खुशाल दोन पुड्या घेऊन आला आणि सवयीने त्या गोकुळाबाईपुढे धरल्या.

तिने पुड्या घेतल्या नाहीत. कितीदा टाळलं असेल तिने हे, आज बहाणा सुचला नाही की बहाण्यांचा कंटाळा आला, कोण जाणे. "मले वास येत नाई खुशालभाऊ," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून नाई येत. भाजतानी हे वास घेतात, मी हात चालवतो."

एका बाईने हातातली पिशवी मागे घेतली.

मनकर्णाबाई पुढे सरकली. "मंग हिवाळ्यापासून मी काय माती खाऊन राह्यली का? माह्या घरी तुहाच मसाला आहे. कर एक किलो."

म्हातारीच्या तोंडून याहून मोठी स्तुती आजवर निघालेली नाही. पिशवी मागे घेणारी बाई पुन्हा पुढे आली. गोकुळाबाईने डोळे पुसले आणि तराजू उचलला.

खुशाल मात्र पुड्या घेऊन तसाच उभा होता. मग तो वळला आणि सरळ मासोळीच्या ओळीत गेला. केवळरामने हात धुतले, धोतराला पुसले, दोन्ही पुड्या नाकाशी धरल्या आणि डोळे मिटून बराच वेळ घेतला. अख्खा बाजार त्याच्याकडे पाहत होता.

"हा ताजा आहे," तो म्हणाला. "अन् हा कालचा."

लोक हसले. खुशाल हसला नाही. चकित होऊन म्हणाला, "बरोबर आहे. हा जुनाच माल आहे."

"कालचा नाई, मागच्या सालचा म्हना!" चिंचेखालून गोकुळाबाई ओरडली, आणि मनकर्णाबाईच्या पिशवीत मसाला ओतताना किलोवर चांगली मूठभर जास्त टाकली.