बिऱ्हाडमास्तरांची परीक्षा

बिऱ्हाडमास्तर परीक्षा घ्यायचे ती पेटी फेकून. उमेदवाराने भरलेली, खिळे ठोकलेली लाकडी पेटी ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत न्यायचे आणि खाली कुणी नाही हे बघून सरळ चौकात सोडून द्यायचे. मग सावकाश जिना उतरायचे, पहारीने फळ्या उचकटायचे आणि आतले कप एकेक बाहेर काढायचे. एकाचा जरी कान उडाला असला तरी उमेदवाराच्या कानाखाली आवाज निघे. माझ्या पहिल्या परीक्षेत डझनातले सात फुटले. "रे मेल्या, ह्ये कप हत की खडी?" म्हणत त्यांनी अशी ठेवून दिली की संध्याकाळपर्यंत माझा डावा कान गुणगुणत होता.

फोर्टातल्या आमच्या कंपनीत तेव्हा बदली खातं होतं. कंपनीच्या माणसाची दुसऱ्या गावी बदली झाली की त्याचं बिऱ्हाड हलवायचं, तिकडे जागा बघायची, पोरांना शाळेत घालायचं, हे त्या खात्याचं काम. मास्तर त्याचे मुख्य. माणूस मालवणकडचा, राहायला लालबागेत. तरुणपणी गोदीत हमाली केलेली, शिक्षण मराठी चौथी. मी कमर्शियल स्कूलचं सर्टिफिकेट घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला. मला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका.

पण शिकवायचे जीव तोडून. "घरात शिरल्यार सामान बघू नको. बाईचो डोळो खंय जाता ता बघ," म्हणायचे. ज्या वस्तूकडे बाई वळून वळून बघेल ती लॉरीत टाकायची नाही, तिच्या हातात द्यायची. एका उमेदवाराने कुणा बाईंची फणी-कुंकू ठेवायची मोडकी फणेरपेटी "भंगार" म्हणून बाजूला फेकली, तर मास्तरांनी त्याला गचांडी धरून बाईंच्या पायावर घातला. दुसरा त्यांचा मंत्र नावाचा. प्रत्येक पेटीवर ठळक अक्षरांत मालकाचं नाव आणि जायचं गाव हवंच. "पेटयेक तोंड नाय, तिची वाचा तू," असं ते म्हणत. नाव विसरणाऱ्याला दिवसभर जेवायला सोडत नसत.

संयुक्त महाराष्ट्रासाठी माणूस पेटलेला होता. कचेरी सुटली की तडक शिवाजी पार्कवर सभेला, आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. एकदा शर्ट वर करून त्यांनी मला पाठ दाखवली. लाठीचे वळ काळेनिळे झाले होते. लालबागेत गोळीबार झाला तेव्हा त्यांच्याच चाळीतला एक गिरणीतला जवान पोरगा जिन्याखाली मरून पडला. त्याला चौथ्या मजल्यावर आईपाशी मास्तरांनी खांद्यावरून नेला. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले आणि पहारीने एक रिकामी पेटी फोडत बसले. तिचा पार भुगा झाला तरी थांबेनात. आम्ही कुणी जवळ गेलो नाही.

याच दिवसांत रसिकभाई कॅशियरची अमदावादला बदली झाली. बदली कसली, जीव वाचवायची सोय. गिरगावात त्यांच्या खिडक्यांवर रोज दगड येत होते. घरात बायको आणि ऐंशीची आई. संचारबंदी सकाळी थोडा वेळ उठायची, तेवढ्यात त्यांना बॉम्बे सेंट्रलला पोचवायचं होतं. मास्तर मला म्हणाले, "आज तुजी परीक्षा. मी रस्तो बघून येतंय, तू भर."

मी भरलं. सुरेख भरलं. आणि रंगाचा डबा उघडून प्रत्येक पेटीवर वीतभर अक्षरांत लिहिलं, 'रसिकलाल, अमदावाद'. रसिकभाई हात जोडून म्हणाले, "भाऊ, आज नाव राहू द्या ने." मी त्यांच्यावर खेकसलो, "नियम म्हणजे नियम!" मला पास व्हायचं होतं हो. दुसरं काही डोक्यातच नव्हतं. मास्तर परतेपर्यंत लॉरीवर ताडपत्री बांधून झाली होती.

नाक्यावर टोळकं आडवं आलं. एकाने ताडपत्री ओढली, अक्षरं वाचली आणि मोठ्याने ओरडून सगळ्यांना सांगितली. पहिला दगड काचेवर बसला. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या म्हातारीच्या कपाळातून रक्त येऊ लागलं. मागे माझ्याशेजारी उभ्या असलेल्या मास्तरांनी वळून पेट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेपेक्षा थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं. ते लॉरीच्या मागच्या फळकुटावर उभे राहिले आणि ओरडले, "लाठये मिया पण खाल्लय रे! सामान व्हया तर घेवा, माणसांका जावंक देवा!" काहींचे हात थांबले. पण एकजण लोखंडी सळई घेऊन वर चढायला लागला. मास्तरांनी उजव्या हाताने लॉरीची कड घट्ट धरून त्याची वाट अडवली. त्याने त्या हातावर सळई घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हाडाचा आवाज मी ऐकला. हात सुटला नाही. तेवढ्यात ड्रायव्हरने लॉरी दामटली आणि आम्ही निसटलो. गाडी मिळाली. म्हातारी डोक्याला पट्टी बांधून का होईना, जिवंत गेली.

मास्तरांचा हात मात्र गेला. चार बोटं कायमची वाकडी झाली.

कंपनीने चौकशी बसवली. असल्या दिवशी नावं कुणी घातली, एवढंच साहेबांना हवं होतं. आदल्या संध्याकाळी मी इस्पितळात जाऊन म्हटलं, "मास्तर, मी उद्या खरं सांगणार." त्यांनी डाव्या हाताने माझी मान पकडून मला खाली ओढलं. "गप रव. माजी नोकरीची दोनच वर्सां रवलीत. तुज्या घरात तू एकटोच कमावणारो." चौकशीत ते म्हणाले, "नावां मिया घालूक सांगितलय." मी शेजारी उभा होतो. साहेबांनी लिहिलं की खात्याचा मुख्य अशिक्षित असून त्याला या कामाचं कसलंही रीतसर प्रशिक्षण नाही. मास्तरांना काढलं. सर्टिफिकेटवाला म्हणून त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं.

महिन्याभराने ते गावी निघाले. भाऊच्या धक्क्यावर मी बोटीपर्यंत पोचवायला गेलो. मास्तर पुढे चढले. त्यांची बायको मागे थांबली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "झिला, सगळ्यांनी पाठ फिरवली, तू एकटो यांच्या वांगडा उभो रवलंस. देव तुजा बरा करो." वर कठड्याशी मास्तर उभे होते. त्यांनी ऐकलं आणि तोंड समुद्राकडे फिरवलं. मी वाकून तिच्या पाया पडलो. सांगितलं मात्र नाही.