किटलीच्या जागी काय

डोरीन ऑग्डन ही इंग्लंडच्या राजघराण्यातून पळून आलेली बाई आहे, अशी बातमी अमेरिकेतल्या बरबँकच्या एका गल्लीत पंचवीस वर्षं फिरत होती. फिरवणारा तिचा शेजारी, हार्वी लिंडक्विस्ट. पुरावा काय, तर ती कपात दूध आधी ओतते, चहा मागून. आणि कचऱ्याच्या डब्याला पाय लागला तरी त्याला "माफ कर हं" म्हणते.

खरं म्हणजे तिचे वडील इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सला बसकंडक्टर होते. आणि डोरीन पळून वगैरे आली नव्हती, चांगली विमानाचं तिकीट काढून आली होती. इथल्या स्टुडिओत तिचं काम मात्र खरोखर चमत्कारिक होतं. एखादी ब्रिटिश मालिका अमेरिकेसाठी नव्याने करायची ठरली, की डोरीनला एक टीव्हीचा पडदा, एक पेन्सिल आणि खिडकीजवळची खुर्ची मिळायची. मूळ मालिका बघायची आणि इथल्या माणसाला जे कळणार नाही त्यावर काट मारायची. पाऊस काढायचा, ऊन घालायचं. लीड्सचा खडूस पोस्टमन क्लीव्हलंडमध्ये पुन्हा जन्म घ्यायचा. आत्मा तोच, दात नवे, अमेरिकन पांढरेशुभ्र.

दुपारी खिडकीबाहेर जॅकरांडाची जांभळी फुलं गळत असायची आणि पडद्यावर हॅलिफॅक्ससारखंच कुठलंतरी ओलं गाव असायचं. बघता बघता दोन्ही एकमेकांत मिसळायचं. घरी जाताना रणरणत्या उन्हात तिचा हात आपोआप छत्री उघडायला वर जाई. हार्वी कुंपणावरून ओरडे, "काय गं राणीसाहेब, प्रजेला हात दाखवतेस?"

गेल्या वसंतात मात्र तिची पेन्सिल अडली. मालिका होती एका खिळे-हातोड्यांच्या दुकानदाराची. विनोदी, पण मधे एक प्रसंग असा: दुकान कायमचं बंद करून नवरा घरी येतो. बायको काही विचारत नाही. किटली ठेवते. पाणी उकळेपर्यंत दोघं गप्प. किटली शिट्टी मारते, मग बायको विचारते, "साखर किती?" तीस वर्षं संसार केलेली बाई!

वडिलांची नोकरी गेली त्या दिवशी डोरीनच्या आईने अगदी हेच केलं होतं. बारा वर्षांची डोरीन टेबलाखाली बसून ते पाणी उकळताना ऐकत होती. प्रेम म्हणजे काय, ते तिला त्या तीन मिनिटांत समजलं होतं. सव्वीस वर्षांत तिने हजारो गोष्टींवर काट मारली. या किटलीवर काट मारणं म्हणजे आईवरच मारणं.

निर्माता ट्रेंट चौतिशीचा, भला पोरगा, पण घाईतला. तालमीत अमेरिकन नटीने काय करावं? कपात पाणी घेतलं आणि कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला! नव्वद सेकंदांत टिंग! सगळे खो खो हसले. डोरीनने छातीवर हात ठेवला. चहाच्या जागी कॉफी घालून पाहिली, तर इथे ती आधीच भांड्यात तयार असते. वाट कसली बघणार?

"डोरीन, लोक किटलीकडे टक लावून बसणार नाहीत," ट्रेंट म्हणाला. "गुरुवारी चित्रीकरण. बुधवारपर्यंत इथलं काहीतरी आणा. नाहीतर प्रसंग काढतो आणि एक फक्कड विनोद घालतो."

"इथे वाईट बातमी आली की लोक काय करतात रे?"

"मी? मी फोन बघतो."

मंगळवारी ती हार्वीच्या लिंबांची रिकामी टोपली परत द्यायला त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात गेली. हार्वी फोनवर होता. फोन ठेवून म्हणाला, "रॉय गेला." रॉय म्हणजे त्याचा मिनेसोटातला धाकटा भाऊ. एवढं बोलून त्याने फ्रिज उघडला आणि नुसता उभा राहिला. आतला पिवळा उजेड चेहऱ्यावर, गार वाफ पायांवर. काही घेईना, काही हलवेना.

"चहा टाकू?" डोरीनच्या तोंडून गेलंच.

"मला काही नको," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

दार फार वेळ उघडं राहिलं की त्याचा फ्रिज ओरडायचा. तसा तो ओरडू लागला. हार्वीने दार लावलं, खुर्चीवर बसला आणि रॉयबद्दल बोलायला लागला. डोरीनला वाटलं, हॅलिफॅक्सच्या किटलीनेच इथे येऊन शिट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंपणापाशी त्याला गाठलं. "हार्वी, काल तू फ्रिजपुढे उभा होतास ना, ते मला हवंय."

"कशाला?"

"एका बाईला द्यायचंय. तिच्या नवऱ्याचं दुकान बुडालंय."

हार्वीने लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. "घे. आत मस्टर्ड सॉसची बाटली ठेव. रॉयने आणली होती, ख्रिसमसला. मी तीच बघत होतो."

गुरुवारी चित्रीकरण बघायला स्टुडिओतल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर दोनशे माणसं बसली होती, हार्वी तिसऱ्या ओळीत. नवरा घरी आला. बायकोने फ्रिज उघडला आणि उभी राहिली. पुढच्या फळीवर मस्टर्डची बाटली. कॅमेऱ्याच्या पडद्याशेजारी ट्रेंट घड्याळ बघत होता. मग बघायचा थांबला. दोनशे माणसं एका उघड्या फ्रिजकडे बघत राहिली. त्या उजेडात डोरीनला आई पाठमोरी दिसली, एप्रनची गाठ सैल झालेली. मग फ्रिज ओरडला. बायकोने दार लावलं आणि विचारलं, "भूक लागलीय?"

कुणी हसलं नाही. कुठेतरी एक जण टोपीत नाक शिंकरत होता.

"राहू दे हा," ट्रेंट हळूच म्हणाला.

बाहेर गाड्यांच्या तळावर ऊन सांडलं होतं. हार्वी टोपी खिशात कोंबत आला. डोळे लाल, पण खोड जाते कुठे!

"मी लोकांना सांगतोच आहे," तो म्हणाला, "असलं काही राजघराण्यातल्या बाईलाच सुचणार."

डोरीन म्हणाली, "राजघराण्यातली असते, तर मला फ्रिज कुठे ठेवलाय तेसुद्धा माहीत नसतं."